परसबागेतील आर्टिचोक : कळी येण्यापूर्वीचे कीडनिरीक्षण

आर्टिचोक ही करडईच्या कुळातील, मूळची भूमध्य सागरी प्रदेशातील भाजी असून तिची न उमललेली कळी खाल्ली जाते. मैदानी भागात पावसाळ्याच्या अखेरीस रोपे तयार करावीत. काही दिवस १० अंश सेल्सिअसखालील थंडी मिळाल्याशिवाय बहुतेक जातींना कळ्या येत नाहीत. निचऱ्याची जमीन, भरपूर शेणखत आणि दोन झाडांत १ मीटर अंतर ठेवावे.

खरा प्रश्न माव्याचा. करडई उत्पादकांना तो परिचित आहेच. मात्र येथे तो कळीच्या खवल्यांआड शिरतो आणि तेथे फवारा पोहोचत नाही. शिवाय तीच कळी ताटात जायची असते. म्हणून कळी दिसण्यापूर्वीच, आठवड्यातून दोनदा, पानांची खालची बाजू व मधला कोंब तपासावा. झाडावर मुंग्यांची ये-जा दिसल्यास माव्याचा शोध घ्यावा. प्रादुर्भाव अल्प असताना मावा पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवावा. वाढल्यास ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. काळसर, नारिंगी ठिपक्यांच्या अळ्या मात्र मारू नयेत. त्या मावा खाणाऱ्या लेडीबर्ड भुंगेऱ्याच्या असतात आणि नवख्या हातून बहुधा त्याच आधी चिरडल्या जातात.

कळी घट्ट असतानाच देठासह कापावी. खवले उघडू लागले की ती निबर होते.