जनुकोपचारानंतर : बरे वाटले तरी तपासणी टाळू नका

काही आनुवंशिक रक्तविकारांत रुग्णाच्याच रक्तमूलपेशी काढून घेतल्या जातात. प्रयोगशाळेत त्यांत निर्दोष जनुक घातले जाते. त्यानंतर औषधांनी अस्थिमज्जेत जागा मोकळी करून त्या पेशी शिरेवाटे रुग्णास परत दिल्या जातात. वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये तीव्र हिमोफिलिया-ए असलेल्या 5 रुग्णांवर असा उपचार झाला. त्याचे निष्कर्ष 2024 साली प्रसिद्ध झाले.

उपचारानंतर रक्ताचे आकडे सुधारतात आणि पुढील तपासण्या अनावश्यक वाटू लागतात. हा समज धोक्याचा आहे.

पेशींचा माग कसा काढतात?

विषाणू-वाहकाद्वारे दिलेले जनुक प्रत्येक मूलपेशीत वेगळ्या जागी बसते. ती जागा त्या पेशीची खूण ठरते आणि तिच्यापासून तयार होणाऱ्या सर्व रक्तपेशींत उतरते. वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या नमुन्यांत कोणत्या खुणा पुन्हा दिसतात, हे पाहून संगणकीय गणिताने किती मूलपेशी कार्यरत आहेत याचा अंदाज बांधला जातो.

यातून काय कळले?

इटलीतील मिलान येथील संशोधकांनी विस्कॉट-ऑल्ड्रिच या जन्मजात विकाराच्या रुग्णांचा असाच माग घेतला. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार, आरंभीच्या महिन्यांत रक्तनिर्मितीचा भार मुख्यतः अल्पायुषी पेशी वाहतात; पुढे तो दीर्घायुषी मूलपेशींकडे जातो. म्हणून सुरुवातीचे चांगले आकडे हा कायमच्या यशाचा पुरावा नव्हे.

दुसरी बाब सुरक्षिततेची. फ्रान्समधील एका जुन्या चाचणीत जनुक नको त्या जागी बसल्याने काही बालकांना रक्ताचा कर्करोग झाला. पहिली घटना 2002 साली उघडकीस आली. आजचे वाहक अधिक सुरक्षित आहेत, तरी धोका पूर्णपणे संपलेला नाही. एकाच खुणेच्या पेशी वाढू लागल्यास ते लक्षणे दिसण्यापूर्वीच नमुन्यांतून कळू शकते. मात्र नमुनाच दिला नाही, तर संगणकही काही सांगू शकत नाही.

आपण काय करावे?

- ठरलेल्या तारखांना रक्ताचा नमुना अवश्य द्यावा. अशा उपचारानंतर साधारणतः 15 वर्षे देखरेखीची शिफारस केली जाते.
- ताप, रक्तस्राव, अंगावर निळसर डाग किंवा असाधारण थकवा आढळल्यास त्याच दिवशी उपचार केंद्राशी संपर्क साधावा.
- उपचाराची कागदपत्रे जपून ठेवावीत व प्रत्येक डॉक्टरांना दाखवावीत.
- गाव किंवा दूरध्वनी क्रमांक बदलल्यास केंद्रास कळवावे.
- रक्तदान किंवा अवयवदान करू नये.
- बालरुग्ण मोठा झाल्यावर ही जबाबदारी त्यास समजावून सांगावी.

संगणकाचे अनुमान हा सल्ल्याचा आधार आहे. निर्णय आपल्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा. आपण दिलेला प्रत्येक नमुना आपले रक्षण करतो आणि पुढील रुग्णांची वाट सुकर करतो.