जोखीम कुणाची, सही कुणाची

उमरोळी, ता. पालघर

चि. मृणाल,

परवा फोनवर तुझ्या मागे लोकलचा गोंगाट होता, बोलणं अर्धवटच राहिलं. म्हणून आता सावकाश लिहितो. अंधेरीच्या जाहिरात एजन्सीत ज्युनिअर आर्ट डायरेक्टर आणि बोईसरला खोके छापणाऱ्या कारखान्यात डिझायनर, अशा दोन जागा तुझ्यापुढे आहेत. कॉम्प्युटर तोच, सॉफ्टवेअर तेच, मग पगारात एवढी तफावत का, असं तू विचारलंस. माझं उभं आयुष्य याच धंद्यात गेलं, त्यावरून सांगतो. तुझ्या चित्रावर कुणाचे किती पैसे लागलेत आणि त्याखाली सही कुणाची, या दोन गोष्टींवर पगार ठरतो. गाव आणि अनुभवाची वर्षं मागाहून येतात.

तारापूर एमआयडीसीतल्या औषध कंपनीला खोका म्हणजे खर्च. तो जितका कमी तितका बरा. मुंबईचा जाहिरातदार टीव्हीवरच्या वेळेसाठी आणि होर्डिंगच्या जागेसाठी जी रक्कम मोजतो, त्यापुढे चित्र काढणाऱ्याचे पैसे म्हणजे किरकोळ. पण चित्र फसलं तर ते सगळं पाण्यात जातं, म्हणून तिथे चांगल्या हाताला दोन पैसे जास्त देताना त्याचा हात आखडत नाही. सिनेमातही तेच. मराठीपेक्षा हिंदी आणि तेलुगूचा बाजार मोठा, म्हणून सेटचा खर्च मोठा आणि कलादिग्दर्शकाचं मानधनही मोठं. याचा अर्थ मराठीतला माणूस कमी कसबी असा होत नाही.

आपल्याच जिल्ह्यात बघ. वारली घरात लग्नाचा चौक सवाशिणी लिहितात, त्याचं मोल मानपानात होतं. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ती रेघ भिंतीवरून कागदावर आणि कापडावर नेली. शहरांतल्या, परदेशांतल्या कलादालनांत त्या चित्रांना दाम आला आणि 2011 साली त्यांना पद्मश्रीही मिळाली. तांदळाच्या पिठाची रेघ तीच, गिऱ्हाईक बदललं.

आता अनुभवाचं. नुसती वर्षं मोजून कुणी पैसे देत नाही. कलादिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई 'तमस' मालिकेच्या वेळी नितीश रॉय यांच्या हाताखाली होते. मग 'चाणक्य' मालिकेचं काम त्यांच्या अंगावर पडलं आणि त्यांनी ते निभावलं. पुढे चार राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारा माणूस तिथे घडला. सहायक म्हणूनच राहिले असते, तर सहायकाचा दर तेवढा दरसाल थोडाथोडा वाढत गेला असता. त्याहून जुनं उदाहरण साहेबमामा फत्तेलालांचं. 1929 साली कोल्हापुरात 'प्रभात' ही चित्रपट कंपनी निघाली, तेव्हा नेपथ्य सांभाळणारे फत्तेलाल आणि दामले कंपनीचे भागीदार होते. पगाराच्या वर भागीदारीची पायरी असते, हे त्या काळच्या चित्रकारांनाही कळलं होतं.

जबाबदारीची सही बोईसरलाही असते, म्हणून त्या कामाला हलकं समजू नकोस. औषधाच्या खोक्याचं प्रूफ हातात घेऊन बघ. आरएक्सची खूण आणि चौकटीतला इशारा जागच्या जागी हवा. बॅच नंबर आणि एमआरपीसाठी जागा कोरी हवी, तिथे वार्निशही चढता कामा नये, नाहीतर शाई धरत नाही. डाय-लाइनच्या बाहेर 3 मिलिमीटर रंग सोडलेला हवा. मात्रेत एक टिंब चुकलं तर अख्खा लॉट रद्दीत. त्या प्रूफवर 'छापा' म्हणून सही करणारा माणूस कारखान्यात एकच असतो आणि त्याचा पगार बाकीच्यांपेक्षा वेगळा असतो.

हिशेबही मांडू. आकडे केवळ नमुन्याचे. समज, अंधेरीत हातात 38 हजार. खोलीचं भाडं, डबा, रिक्षा मिळून 22 हजार गेले, उरले 16. बोईसरला 26 हजार. घरचं जेवण, उमरोळीहून एकच स्टेशन, 4 हजार खर्च धरला तरी उरले 22. आज बोईसरच पुढे. पण एजन्सीत ज्युनिअरवर आर्ट डायरेक्टर, त्यावर सीनिअर, त्यावर क्रिएटिव्ह डायरेक्टर, अशी शिडी आहे. बोईसरच्या त्या छोट्या कारखान्यात तुझ्यावर थेट मालक, आणि त्याची खुर्ची त्याच्या मुलासाठी राखलेली. म्हणून माझं मत अंधेरीकडे झुकतं, पण तीनेक वर्षांपुरतंच. तेवढ्यात एखादं काम तुझ्या एकटीच्या सहीने बाहेर पडलं नाही, तर तिथून ऊठ.

ऑफर लेटरवर सही करण्याआधी मात्र तीन गोष्टी विचारून घे. सांगितलेला आकडा सीटीसी की हातात येणारा? कंपनीच्या वाट्याचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी त्यातच धरली असेल तर महिन्याचा आकडा बराच खाली येतो. रात्री उशीर झाला तर घरी पोचवायची सोय कुणाची? डहाणूच्या गाड्या मोजक्या, विरारला अडकलीस तर पहाटेपर्यंत बाकड्यावर. आणि तुझं काम पोर्टफोलिओत दाखवायची परवानगी आहे का? पुढचा पगार त्यावरच मिळणार आहे.

पुढेमागे नायगावला मालिकांच्या सेटवर सुट्टं काम मिळेल. तिथे पैसे 90 दिवसांनी देण्याचा रिवाज आहे आणि त्यातून 10 टक्के टीडीएस कापला जातो. तेव्हा तीन महिन्यांचा खर्च गाठीशी असल्याशिवाय नोकरी सोडू नकोस, आणि कापलेला कर दरवर्षी रिटर्न भरून हिशेबात घे. हात बसला, नाव झालं, की उमरोळीत बसून मुंबईचं काम कर. 2013 साली लोकल डहाणूपर्यंत आली, आता इंटरनेटही घरात आहे. फक्त बिल मुंबईच्या दराने लाव. गावात राहतेस म्हणून कुणी दर पाडायला लागला, तर 'काम तुमच्या गिऱ्हाइकासाठी आहे' एवढंच सांग.

दोन्ही ऑफर लेटरांचे फोटो रविवारपर्यंत पाठव. फोनवर एकेक ओळ सोबत वाचू, मगच सही कर. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा