सासऱ्यांची जीप हाती आलीय ना, मग ऐक

अगं, सासऱ्यांनी त्यांची एमएम 540 तुझ्या नावावर करायचं ठरवलं, फार बरं झालं. उजनीच्या फुगवट्याला लागून तुमचं रान, त्यात काळी माती. पावसात तिथं मोटारसायकलही रुतते. तुला ही गाडी लागणारच. पण तू मला फोटो पाठवतेयस ते रुंद टायरांचे, टपावरच्या लाइटांचे आणि पुढच्या जाड लोखंडी गार्डचे. त्यावर एक रुपया घालू नकोस अजून. पहिला खर्च ब्रेकचा, दुसरा स्टिअरिंगचा.

या जुन्या जीपांना चारही चाकांना ड्रम ब्रेक. पाटाच्या पाण्यातून गाडी काढलीस की ड्रमात पाणी शिरतं आणि पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. बाहेर आलीस की सावकाश चालवत पेडल हलकं दाबून धर, लायनर तापून सुकतात. तोवर सोलापूर महामार्गावर चढायचं नाही, कितीही घाई असो. गाळ शिरला असेल तर ड्रम उघडून धुवावेच लागतात. लायनर, व्हील सिलिंडर, ब्रेकच्या नळ्या, सगळं एकदा उघडून बघून घे.

स्टिअरिंग तपासायला मिस्त्री लागत नाही. इंजिन बंद ठेव, कुणाला तरी आत बसवून चाक थोडं डावी-उजवीकडे हलवायला सांग आणि तू खाली वाकून बघ. कोणता जोड नुसताच हलतोय, पुढे काही जात नाही? टाय रॉडचे एंड आणि किंगपिनचे बेअरिंग आधी बघ. यांत प्ले असला की वेगात एखादा खड्डा लागल्यावर पुढची चाकं थडथडायला लागतात आणि गाडी हातात राहत नाही. आता सांग, हे तसंच ठेवून वर जड टायर चढवले तर या झिजलेल्या जोडांवर ताण किती वाढेल? म्हणून तर तुला थांबवतेय.

फोर बाय फोरचा लिव्हर चिखलासाठी आहे, डांबरासाठी नाही. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, आणि या गाडीत तो फरक सोसणारा भाग मधे नाहीच. ओल्या मातीत चाकं थोडी घसरून तो ताण निघून जातो. कोरड्या रस्त्यावर तो निघत नाही, सगळा प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसवर आणि गिअरांवर येतो. पण लिव्हर वर्षभर हलवलाच नाही तर तोही जाम होतो, म्हणून अधूनमधून रानातल्या मऊ मातीत टाकून थोडं चालव.

ग्रीस गन मात्र आजच घे. कमानपाट्यांच्या शॅकलला, क्रॉसला, स्टिअरिंगच्या जोडांना जिथं जिथं निपल आहे तिथं जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत नवं भर. आणि गाडी खोल पाण्यातून गेली असेल तर डिफरन्शिअलचं तेल काढून बघ. दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय, लगेच बदल.

आपल्या भागाचं एक वेगळंच दुखणं आहे, ते म्हणजे पाचट. तोडणीच्या फडातून गाडी फिरवलीस की सायलेन्सरच्या बाजूला वाळलेलं पाचट अडकतं आणि तापून पेटू शकतं. फडातून बाहेर पडलीस की वाकून हाताने काढ, रेडिएटरच्या जाळीतलंही. माहेरी सुप्याकडे आलीस तर धूळ असते. तुझ्या गाडीला तेलाचा एअर फिल्टर असेल तर वाटीतलं तेल ओतून, वाटी धुऊन नवं भर.

सुधारणा करायचीच तर हेडलाइटला रिले बसव. जुन्या गाडीत सगळा करंट स्विचमधून जातो, म्हणून उजेड मंद पडतो. पुढे पैसे जमले की पॉवर स्टिअरिंग आणि पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक. पण कोणताही मोठा बदल करण्याआधी बारामतीच्या आरटीओत विचार. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मुळे मूळ रचना मनाला येईल तशी बदलता येत नाही, आणि त्या लोखंडी गार्डवर कारवाई करा असं केंद्राने 2017 सालीच राज्यांना कळवलंय. धडकेत पायी चालणाऱ्याचा जीव त्याने जातो गं, नकोच तो. नावावर करतानाच आरसी बुकातला इंजिन नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळवून बघ. जुन्या जीपांची इंजिनं पुष्कळदा बदललेली असतात. 15 वर्षांनंतर दर 5 वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं, तेव्हा हे अडतं.

गॅरेजात मिस्त्री तुझ्याऐवजी घरच्या पुरुषाला फोन लावेल. वाईट वाटून घेऊ नकोस, पण तिथून हलूही नकोस. काढलेला प्रत्येक पार्ट समोर ठेवायला सांग, कुठे झिजलाय ते विचार, बिल पार्टच्या नावानिशी घे. काही मिळालं नाही तर पुण्यात नाना पेठेत शोधू.

बेलवाडीच्या रिंगणाला मी येणारच आहे. तोवर ब्रेक आणि किंगपिनचं काम उरकून घे. ग्रीसिंग मी आल्यावर दोघी मिळून करू, म्हणजे एकेक निपल कुठे दडलाय ते तुला दाखवता येईल.