एरीचा हिशेब : उत्तिरमेरूर ते सिरुसेरी

चेन्नईच्या दक्षिणेस, जुन्या महाबलीपुरम मार्गावरील सिरुसेरी आज माहिती तंत्रज्ञान उद्यानामुळे ओळखले जाते. परंतु ज्या चेंगलपट्टू-कांचीपुरम परिसरात ते वसले आहे, तो शतकानुशतके ‘एरीं’चा, म्हणजे सिंचन तलावांचा, भातशेतीचा प्रदेश आहे. या प्रदेशाचे अर्थकारण समजून घेण्यासाठी कांचीपुरम जिल्ह्यातील उत्तिरमेरूर या लहानशा ऐतिहासिक नगराकडे वळणे उपयुक्त ठरते.

पावसाचे गणित

येथील वार्षिक पावसाचा मोठा वाटा ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, ईशान्य मोसमी वाऱ्यांमुळे पडतो. थोड्या दिवसांत कोसळणारे हे पाणी अडविणे हाच शेतीचा आधार होता. उताराला आडवा मातीचा बांध, शेतीला पाणी सोडणारी मोरी व जादा पाणी खालच्या तलावाकडे नेणारा सांडवा, अशी एरीची रचना असते. तलाव साखळीने जोडलेले असल्याने एका ठिकाणच्या दुर्लक्षाचा फटका खालच्या गावांनाही बसतो. म्हणूनच देखभाल हा सामूहिक जबाबदारीचा विषय ठरला.

उत्तिरमेरूरची व्यवस्था

चोळ राजा पहिला परांतक याच्या काळातील, इ. स. ९१९ व ९२१ चे शिलालेख येथील मंदिराच्या भिंतींवर आहेत. त्यानुसार गावाचे ३० प्रभाग होते. पात्र व्यक्तींची नावे लिहिलेल्या चिठ्ठ्या घड्यात टाकून त्यांतून सदस्य निवडले जात. तलाव समितीवर सहा सदस्य असत व मुदत ३६० दिवसांची होती. पूर्वी समितीवर राहून हिशेब न देणारी व्यक्तीच नव्हे, तर तिचे नातेवाईकही अपात्र ठरत. ही व्यवस्था जमीनधारक, वेदविद्या जाणणाऱ्या पुरुषांपुरती होती. भूमिहीनांना व स्त्रियांना तीत स्थान नव्हते. तरीही पाण्याच्या व्यवस्थापनाला हिशेबाची जोड देण्याचे तत्त्व मोलाचे आहे.

बदललेला प्रश्न

पूर्व विदर्भातील मालगुजारी तलावांचा अनुभव या संदर्भात बोलका आहे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आल्यानंतर हे तलाव शासनाकडे आले. पण देखभालीची जुनी स्थानिक साखळी तुटली. सिरुसेरीच्या परिसरात तर लाभक्षेत्रच इमारतींखाली जात आहे. ज्याला सिंचनाचे पाणी नको, त्याला गाळ काढण्यात स्वारस्य उरत नाही. मात्र तलावाचे काम संपत नाही. डिसेंबर २०१५ चा महापूर आणि २०१९ च्या उन्हाळ्यात कोरडे पडलेले चेन्नईचे जलाशय, ही एकाच दुर्लक्षाची दोन रूपे होत. पूर सामावणे व भूजल भरणे यांचा लाभ आता शेतकऱ्यापेक्षा नागरी वस्तीला अधिक होतो. त्यामुळे देखभालीचा भारही लाभार्थ्यांनी उचलणे न्याय्य ठरते.

तमिळनाडूने २०१७ मध्ये ‘कुडिमरामत्तु’ ही लोकसहभागाची जुनी प्रथा पुनरुज्जीवित केली. ७३ व्या घटनादुरुस्तीने लघुसिंचन व जलव्यवस्थापन हे विषय पंचायतींच्या कक्षेत आणले आहेत. उद्योग, वसाहती व पंचायत यांची संयुक्त तलाव समिती नेमून तिचा वार्षिक हिशेब ग्रामसभेपुढे मांडणे, हे पुढचे पाऊल ठरू शकते. नाहीतर प्रत्येक पावसाळ्याची किंमत पुराच्या, आणि प्रत्येक उन्हाळ्याची टंचाईच्या रूपाने मोजावी लागेल.