तळ्याकाठचा आरव्ही पार्क

प्रश्न : मुलाकडे मिशिगनला आलोय. आरव्ही भाड्याने घेऊन तळ्याकाठच्या एका घरगुती पार्कात राहायचा बेत आहे. काय बघून घ्यावं?

उत्तर : आधी मालकांना फोन करून विजेचं विचारा. जुन्या पार्कांत बऱ्याचदा ३० अँपिअरचीच जोडणी असते. गाडी ५०ची असेल तर अडॅप्टर लागेल, आणि दोन्ही एसी एकदम चालवायचं विसरा.

जळाऊ लाकूड घरून नेऊ नका, तिथलंच घ्या. अ‍ॅशची झाडं पोखरणारा किडा २००२मध्ये डेट्रॉइटजवळ सापडला आणि अशाच लाकडांतून दूरवर पसरला.

तळ्यावर जीवरक्षक असेलच असं धरू नका. नातवंडांना लाइफ जॅकेट हवंच. पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखी साय दिसली तर उतरूच नका. बाहेर आल्याआल्या टॉवेलने खसखसून अंग पुसा, नाहीतर पाण्यातल्या सूक्ष्म परजीवींमुळे अंगाला खाज सुटू शकते.