सर्व्हर आमच्या घरी

'सर्व्हर' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एसी रूम, काचेचं दार आणि 'आत येऊ नये' ही पाटी येते. मलाही सेकंड इयरपर्यंत तसंच वाटायचं. पण गेली दोन वर्षं दिग्रसला आमच्या घरी, ओसरीतल्या कोनाड्यात एक सर्व्हर चालू आहे. तो दिसायला काहीच नाही. एका कॉम्प्युटर क्लासने टाकून दिलेला डेस्कटॉप, त्याला ना मॉनिटर ना कीबोर्ड. पाहुणे विचारतात तेव्हा आई सांगते, "बाबूचं प्रोजेक्ट आहे." प्रोजेक्ट वगैरे काही नाही, त्यावर गेम चालते. पण नेटवर्कचा पेपर मला समजला तो याच डबड्यामुळे, म्हणून हा लेख.

सुरुवात हॉस्टेलमध्येच झाली. रात्री जेवणानंतर एका स्विचला सात-आठ लॅपटॉप जोडून काउंटर स्ट्राइक खेळण्याची आपली परंपरा कुणाला सांगायला नको. ही गेम १९९९ मध्ये हाफ लाइफवरची फुकट जोडणी म्हणून आली आणि तिची १.६ आवृत्ती २००३ ची. म्हणजे आपल्यापैकी बरेच जण तिच्यापेक्षा लहान आहेत! दिवाळीची सुट्टी लागली की सगळे पांगायचे. वणीकर वणीला, दारव्हेकर दारव्ह्याला, माझा रूम पार्टनर उमरखेडकडे. "घरून खेळता येईल का बे?" असं दारव्हेकराने विचारलं आणि मी छाती काढून म्हटलं, "त्यात काय, माझ्या घरी सर्व्हर टाकतो." बोलून बसलो खरा, पण कसा टाकायचा हे कुणाला माहीत होतं?

आधी सर्व्हर करतो काय ते बघू. तुम्ही बटण दाबलं की तुमचा लॅपटॉप गोळी झाडत नाही. तो फक्त 'याने बटण दाबलं' एवढं सर्व्हरला कळवतो. कोण कुठे उभा आहे, गोळी कुणाला लागली, हा निकाल सर्व्हर देतो आणि सगळ्यांना एकाच वेळी सांगतो. थोडक्यात तो अंपायर आहे, आणि अंपायरला पैलवान असावं लागत नाही. चित्र काढायचं काम प्रत्येकाच्या स्वतःच्या मशीनचं असल्यामुळे सर्व्हरला ग्राफिक कार्ड लागत नाही. माझ्या मशीनमध्ये २०१२ च्या सुमाराचा आय-थ्री प्रोसेसर आणि ४ जीबी रॅम आहे. त्यावर डेबियन लिनक्स टाकलं, विना-डेस्कटॉप. जुन्या काउंटर स्ट्राइकला काही शे एमबी रॅम पुरते. या जुन्या गेमचं बहुतेक काम प्रोसेसरच्या एकाच कोअरवर चालतं, म्हणून कोअर किती यापेक्षा एक कोअर किती चपळ हे बघावं.

(रेक्टर सरांसाठी एक नम्र टीप. १९९३ मध्ये डूम गेम आली तेव्हा तिची पहिली आवृत्ती प्रत्येक संदेश नेटवर्कवरच्या झाडून सगळ्या मशीनना पाठवायची. कॉलेजांची नेटवर्क तुंबली आणि बंदी आली. ते बरोबरच होतं. आजची गेम तसं करत नाही. आणि हॉस्टेलच्या स्विचवर चाललेली गेम इंटरनेटच्या लाइनला हातसुद्धा लावत नाही, सर!)

आता लाइनचं गणित. काउंटर स्ट्राइकमध्ये सर्व्हर एका खेळाडूला सेकंदाला जास्तीत जास्त २५ हजार बाइट धाडतो असं धरा. म्हणजे २ लाख बिट. दहा जणांचे झाले २० लाख बिट, म्हणजेच २ एमबीपीएस, तेही अपलोडचे. आपण कनेक्शन घेताना डाउनलोड विचारतो, सर्व्हरवाल्याने अपलोड विचारायला हवा. २००५ साली बीएसएनएलचं डेटावन आलं तेव्हा २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणत. त्या लाइनवर एकच खेळाडू मावला असता. आज दिग्रससारख्या तालुक्याच्या गावीही फायबर आलं आहे, त्यामुळे मला वाटलं की काम फत्ते.

कसचं काय! मी सर्व्हर चालू केला, घरातल्या मोबाइलवरून जोडला गेला. वणीकराचा फोन, "काही दिसत नाही." दारव्हेकराचं तेच. दोन दिवस मी राउटरच्या पानांमध्ये डोकं फोडत होतो. पोर्ट फॉरवर्डिंग केलं, तरी नाही.

हे नीट समजून घ्या, कारण घरी सर्व्हर टाकणारे बहुतेक जण इथेच आपटतात. आपल्या हॉस्टेलचा पोस्टाचा पत्ता एकच आहे. पत्र गेटवर येतं आणि वॉचमन काका ठरवतात ते कुठल्या रूमचं. तुम्ही आधी कुणाला पत्र धाडलं असेल तर उत्तर आलेलं काका ओळखतात. पण अनोळखी माणसाचं, रूम नंबर नसलेलं पत्र आलं तर ते टेबलावरच पडून राहतं. घरच्या राउटरचं काम हेच, त्याला नॅट म्हणतात. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे काकांना सांगून ठेवणं की २७०१५ नंबरचं पत्र आलं की बारा नंबर रूमला द्या. माझ्या काकांना मी हे सांगितलं होतं. पण आमच्या गल्लीच्या तोंडाशी आणखी एक गेट होतं, इंटरनेट कंपनीचं, आणि तिथला वॉचमन माझं ऐकणारा नव्हता! याचं नाव कॅरिअर ग्रेड नॅट.

कंपन्या असं करतात कारण पत्तेच संपले आहेत. जुन्या आयपीव्ही४ चे पत्ते ३२ बिटचे, म्हणजे सुमारे ४२९ कोटी. जगाच्या कोठारातले शेवटचे मोठे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून झाले. मग एकेक पत्ता शेकडो घरांत वाटून वापरणं आलं. तुमच्याकडे काय आहे हे ओळखणं सोपं आहे. राउटरच्या स्टेटस पानावर बाहेरचा पत्ता बघा. तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंत कशानेही सुरू होत असेल, तर समजा की दुसरं गेट आहे. ही मालिका २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवली गेली. मी हे पहिल्याच दिवशी पाहिलं असतं तर दोन दिवस आणि आईची बोलणी वाचली असती.

उपाय तीन. एक, महिन्याला जास्तीचे पैसे देऊन स्टॅटिक आयपी घेणं. तो मी सोडला, कारण सांगायला नको. दुसरा, आयपीव्ही६. याचे पत्ते १२८ बिटचे, त्यामुळे घरातल्या प्रत्येक मशीनला स्वतःचा पत्ता मिळतो आणि नॅटची भानगडच राहत नाही. फक्त राउटरच्या फायरवॉलमध्ये तेवढं पोर्ट उघडावं लागतं. आपल्याकडे मोबाइल डेटावर आयपीव्ही६ सर्रास मिळतं, या बाबतीत भारत जगात पुढच्या रांगेत आहे. काउंटर स्ट्राइकची ही जुनी आवृत्ती मात्र आयपीव्ही४ वरच अडलेली आहे. तिसरा उपाय टेलस्केलसारखं खाजगी नेटवर्क. त्यात दोन्ही बाजू एकाच वेळी आतून दार ठोठावतात, म्हणून दोन्ही वॉचमनना वाटतं की हे आपल्याच माणसाच्या पत्राचं उत्तर आहे. युक्ती मोठी झकास आहे. वणीकर आणि दारव्हेकर याच वाटेने आले.

आणि आल्यावर कुरकुरले, "पिंग साठ दाखवते बे!" हॉस्टेलमध्ये एक-दोन मिलिसेकंदाची सवय. मी मार्ग तपासला तर दिग्रसहून वणीला जाणारं पाकीट मुंबईला जाऊन परत येत होतं. दोघांच्या कंपन्या वेगळ्या आणि त्यांची गाठ पडते तिकडे. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. इथून मुंबई सरळ रेषेत साडेपाचशेच्या आसपास, म्हणजे जाऊन-येऊन पाच-सहा मिलिसेकंद पुरे. उरलेला वेळ मधल्या राउटरांचा आणि वळणावळणाच्या तारांचा. आपल्याच जिल्ह्यात जायला मुंबई गाठावी लागते हे विदर्भाच्या माणसाला तसं नवीन नाही!

साठच्या पिंगवर गोळीबाराची मजा कमी होते. म्हणून आम्ही लुआंटीकडे वळलो. २०१० मध्ये माइनटेस्ट नावाने सुरू झालेला हा ठोकळ्यांचा खेळ, ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याने नाव बदललं. हा मुक्त सॉफ्टवेअर आहे, पैसे लागत नाहीत, साध्या अँड्रॉइड फोनवर चालतो, पिंग साठ असली तरी घर बांधायला अडत नाही, आणि आयपीव्ही६ त्याला चालतं. यूडीपी पोर्ट ३००००. एक काळजी घ्या, रिकामा पासवर्ड तो मूळ सेटिंगमध्ये चालवून घेतो, ते आधी बंद करा. त्या हिवाळ्यात आम्ही त्यात आपलं अख्खं हॉस्टेल बांधलं, मेसच्या गळक्या नळासकट.

सेकंड इयर संपल्यावर रूम पार्टनर परत आलाच नाही. वडिलांच्या आजारपणात शेती त्याच्यावर आली. शेतीपंपाची लाईन पाळीने येते. रात्रपाळी असली की हा हरभऱ्याला पाणी द्यायला जातो, मोटर चालू करतो आणि बांधावर बसून मोबाइलवरून आमच्या हॉस्टेलात येतो. आपल्या जुन्या रूममध्ये. त्याने तिथे खिडकीबाहेर निंबाचं झाड लावलं, खऱ्या हॉस्टेलला नसलेलं. तेव्हापासून सर्व्हर बंद पडणं ही नुसती गेम बंद पडण्याची गोष्ट राहिली नाही.

आणि नेमका तो बंद पडला. पहिलं कारण कापूस. भाव येईपर्यंत आमच्याकडे एक खोली कापसाने भरलेली असते आणि सर्व्हर मी त्याच खोलीत ठेवला होता. तंतू पंख्यात जाऊन हीटसिंकवर चक्क गादी तयार झाली. तापला की मशीन स्वतःला मंद करतं. बाबांनी बघितलं आणि एवढंच म्हणाले, "कापसात लाईटीचं सामान ठेवते का कोणी?" ठिणगी पडली असती तर वर्षाचं पीक गेलं असतं. त्याच संध्याकाळी सर्व्हर ओसरीत आला.

दुसरं कारण मी. लुआंटी जग साठवतं ते एसक्यूलाइटच्या एका फाइलमध्ये. प्रत्येक नोंद डिस्कवर खरोखर उतरली याची खात्री करूनच पुढे जायचं, ही त्याची मूळ सेटिंग. जुन्या हार्ड डिस्कवर त्यामुळे खेळ अडखळायचा, म्हणून मी ती खात्री बंद करून टाकली होती. खेळ पळायला लागला, सगळ्यांनी वा वा केली. जूनच्या पहिल्या वादळात लाईन गेली आणि परत आल्यावर फाइल 'मालफॉर्म्ड'. हॉस्टेल गेलं, मेस गेली, निंबाचं झाड गेलं. वेग मला फुकटात मिळाला नव्हता, तो विम्याचे पैसे न भरता मिळाला होता.

जग वाचलं ते निव्वळ नशिबाने. एकोणीस दिवसांपूर्वी दारव्हेकराला दाखवायला म्हणून सर्व्हर थांबवून मी ते फोल्डर पेन ड्राइव्हवर घेतलं होतं. सर्व्हर थांबवून घेतलं होतं हे महत्त्वाचं, चालू फाइलची साधी कॉपी अर्धवट निघू शकते. आता रोज पहाटे चारला सर्व्हर स्वतःहून थांबतो, फोल्डरची प्रत काढतो आणि पुन्हा उठतो. एक प्रत पेन ड्राइव्हवर, एक माझ्या हॉस्टेलच्या लॅपटॉपवर. महिन्यातून एकदा त्या प्रतीवरून जग उघडूनही बघतो. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी टाकली आणि ती सेटिंग जिथे होती तिथे परत ठेवली.

लाईनसाठी ६०० व्हीएचा यूपीएस घेतला. मशीन आणि राउटर मिळून पन्नास वॉटच्या आसपास खातात, बॅटरी नवी असेतो वीस मिनिटं आरामात निघतात. पण लाईन गेली हे मशीनला कळणार कसं? महागड्या यूपीएसला त्यासाठी यूएसबी असतं, माझ्या यूपीएसला नाही. मग जुगाड केला. एक जुना स्वस्तातला राउटर थेट भिंतीच्या सॉकेटला लावला, यूपीएसला नाही. सर्व्हर त्याला सारखं पिंग करतो. पाच मिनिटं उत्तर आलं नाही की समजायचं लाईन गेली, आणि नीट बंद व्हायचं. यातही एक गोम आहे. बायोसमध्ये 'वीज आली की चालू हो' ही सेटिंग असते, पण यूपीएसची बॅटरी संपायच्या आत लाईन आली तर मशीनच्या दृष्टीने वीज कधी गेलीच नव्हती! मग ते झोपूनच राहतं. यावर मी बायोसमध्ये रोज संध्याकाळी सहाचा गजर लावला आहे. त्याआधी कुणाला खेळायचं असेल तर आईला फोन.

विजेचं बिल विचाराल तर मशीन ४० वॉट धरा, दिवसाला जवळपास एक युनिट, महिन्याला २९. पण १०० युनिटच्या पुढे दर चढतो, त्यामुळे हे २९ युनिट बहुतेक चढ्या दराने पडतात. बाबांशी त्यावर तह झाला आहे. रात्री बारा ते चार सर्व्हर बंद असायचा, गजर चारचा लावायचा. उमरखेडची रात्रपाळी असेल तो आठवडा सोडून.

एवढा खटाटोप कशाला, कंपन्यांचे सर्व्हर आहेतच की, असं कुणी म्हणेल. २ सप्टेंबर २०२० ला पबजी मोबाइलवर बंदी आली आणि पुढे काही आठवड्यांत सर्व्हरच बंद झाले, तेव्हा फोनमधली गेम नुसतं चित्र होऊन राहिली. बंदी योग्य की अयोग्य हा वेगळा विषय. ३१ मे २०१४ ला गेमस्पाय कंपनीची सेवा बंद झाली तेव्हा कितीतरी गेमचा ऑनलाइन भाग एका दिवसात गेला. ज्यांचा सर्व्हर कुणालाही आपल्या घरी चालवता येत होता, त्या गेम टिकल्या. आपली काउंटर स्ट्राइक त्यातलीच.

माझ्या सेटिंगच्या फाइली आणि पिंगवाली स्क्रिप्ट ज्याला हवी असेल त्याने रूमवर पेन ड्राइव्ह घेऊन यावं. हे लिहीत असताना उमरखेडहून मेसेज आला आहे, "अबे, सर्व्हर काऊन बंद हाय? मोटर चालू झाली." घड्याळात साडेअकरा. आई झोपली असेल, बाबांनाच फोन लावतो.