इंजिनावरची वेल्डिंग आणि विजेची परतीची वाट

नाशिकहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, निफाड तालुक्यात विंचूर हे गाव आहे. लासलगाव बाजार समितीचा कांद्याचा उपबाजार येथे भरतो. गाव मागे टाकून शिवारात शिरले की द्राक्षांचे मांडव लागतात. लोखंडी अँगलचे खांब, त्यांवर आडवे हात आणि ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेल्या तारा. वादळात एखादा खांब वाकतो, एखादा हात सांध्यातून निखळतो. वेलीसकट खांब उपटून दुकानात नेता येत नाही. मग वेल्डिंगच्या दुकानालाच बागेत यावे लागते. शेतातली थ्री-फेज वीज बहुधा पाळीने येते आणि तीही विहिरीवरच्या पंपापाशी. म्हणून ट्रॅक्टरच्या मागे, दोन चाकांच्या गाड्यावर बसवलेले डीझेल इंजिन आणि त्याला जोडलेले जनित्र येते.

विद्यार्थी मित्रांनो, असे काम चालू असेल तर तिकडे पाहू नका, फक्त ऐका. इंजिन एका लयीत चाललेले असते. कारागीर कांडी लोखंडाला टेकवतो, त्याच क्षणी इंजिनाचा आवाज जड होतो आणि धुराचा एक काळा लोट निघतो. कांडी उचलली की आवाज पुन्हा हलका. असे का व्हावे? जनित्रातून प्रवाह वाहू लागला की तो प्रवाहच जनित्राच्या फिरण्याला विरोध करतो. वेग घटू लागताच गव्हर्नर जास्त डीझेल सोडतो. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम पुस्तकात एका ओळीत असतो. तो येथे कानांनी ऐकू येतो.

आता थोडे गणित करू. ३.१५ मि.मी. जाडीच्या कांडीला ९० ते १३० अँपिअर प्रवाह लागतो. प्रज्योत पेटलेली असताना तिच्या दोन टोकांमधला दाब मात्र २० ते २५ व्होल्टच असतो. १०० अँपिअर गुणिले २५ व्होल्ट म्हणजे २,५०० वॉट. निम्म्याच्या आसपास शक्ती वाटेत वाया जाते असे धरले, तर इंजिनाला साडेचार किलोवॉट, म्हणजे सुमारे ६ अश्वशक्ती द्यावी लागते. ८ ते १० अश्वशक्तीचे इंजिन जोडण्याचे कारण हेच. थंड इंजिनावर लगेच भार टाकू नये. काही मिनिटे मोकळे चालू द्यावे, ठरलेल्या वेगाला आणावे आणि मगच कांडी हातात घ्यावी. काम संपल्यावरही थोडा वेळ मोकळे चालवून मग बंद करावे.

प्रज्योतीचे तापमान पाच-सहा हजार अंश सेल्सिअस असते, तर पोलाद दीड हजार अंशांच्या आसपास वितळते. कांडीचे टोक आणि खांबाची कड एकत्र वितळून एकजीव होतात, म्हणून या क्रियेला वितळजोडकाम असे नाव आहे. कांडीवरचे लेपण जळून वायूचे आवरण तयार करते आणि वितळलेल्या धातूला हवेपासून वाचवते. पावसात भिजलेली कांडी म्हणूनच तडतडते आणि सांध्यात छिद्रे पाडते. टोक आणि लोखंड यांतले अंतर कांडीच्या जाडीएवढे ठेवले, की कढईत भजी तळल्यासारखा सलग आवाज येतो. जुने कारागीर त्या आवाजावरच काम करतात.

पण या लेखाचा खरा विषय दुसरी केबल आहे. यंत्रातून दोन केबली निघतात. एक कांडीच्या होल्डरला जाते. दुसरीच्या टोकाला पकड असते. तिला सगळे ‘अर्थिंग’ म्हणतात. हे नाव फसवे आहे. वीज जमिनीत सोडून देणे हे तिचे काम नाही. जनित्रातून निघालेले शंभर अँपिअर कांडीतून लोखंडात उतरतात आणि ते सर्वच्या सर्व पुन्हा जनित्राकडे परत आले पाहिजेत. दुसरी केबल ही त्यांची परतीची वाट आहे. नावामुळे मात्र पुष्कळांची समजूत होते, की पकड लोखंडाला कुठेही अडकवली तरी चालते. मग ती गाड्याजवळच्या पहिल्या खांबाला लावली जाते आणि वेल्डिंग होते चार ओळी पलीकडे. मधली वाट कोणाची? मांडवाच्या तारांची.

समजा, हा सगळा भार ३ मि.मी. जाडीच्या एकाच तारेवर आला आणि मध्ये तिची १० मीटर लांबी आहे. तारेच्या छेदाचे क्षेत्रफळ सुमारे ७ चौ.मि.मी. पोलादाची रोधकता ०.१५ मायक्रोओहम-मीटर धरली, तर १० मीटर तारेचा रोध सुमारे ०.२१ ओहम येतो. आकडा किरकोळ वाटतो ना? आता त्यातून १०० अँपिअर जाऊ द्या. २१ व्होल्ट दाब तारेतच खर्च होतो, म्हणजे जवळजवळ दुसरी प्रज्योत पेटवण्याइतका! त्या तारेत २,१०० वॉट उष्णता निर्माण होते. घरातल्या पाणी तापवायच्या मोठ्या हीटरएवढी शक्ती, आणि ती द्राक्षवेलीच्या ओल्या फांदीला टेकलेली. उलट ३५ चौ.मि.मी.च्या तांब्याच्या २० मीटर केबलीत याच प्रवाहाला एक व्होल्टच खर्ची पडतो.

प्रत्यक्षात काय घडते? वाटेत रोध वाढल्याने प्रवाह उतरतो, कांडी चिकटू लागते. कारागिराला वाटते यंत्र कमी पडले. तो प्रवाह वाढवतो. डीझेल जळते, सांधा कच्चाच राहतो, आणि पलीकडच्या ओळीत तारेवर हात ठेवून डहाळ्या बांधणाऱ्या मजुराचा हात भाजतो. त्याला तर वेल्डिंगचा पत्ताही नसतो. उपाय एवढाच, की पकड सांध्यापासून वीतभर अंतरावर, त्याच तुकड्याला, गंज आणि रंग खरवडून घट्ट बसवायची. ट्रॉलीचे काम असेल तेव्हाही हाच नियम. नाहीतर प्रवाह चाकाच्या बेअरिंगमधून जातो आणि त्याच्या गोळ्यांवर खड्डे पडतात. ट्रॉली ट्रॅक्टरपासून सोडवूनच काम करावे.

दाब इतका कमी, मग झटका कसा बसेल, असे विचाराल. कांडी टेकलेली नसताना दाब २५ व्होल्ट नसतो. तो ६० ते ८० व्होल्टपर्यंत चढलेला असतो. कोरड्या शरीराचा रोध १०,००० ओहम धरला तर ८० व्होल्टला ८ मिलिअँपिअर प्रवाह जाईल. घामाने भिजलेला हातमोजा आणि ठिबकने ओली झालेली सरी असेल तर रोध १,००० ओहमपर्यंत उतरू शकतो. मग प्रवाह ८० मिलिअँपिअर. प्रत्यावर्ती प्रवाह असेल तर तेवढ्याने हृदयाची लय बिघडून माणूस दगावू शकतो. बहुतेक वेळा हे घडते ते कांडी बदलताना, कारण तेव्हा दाब पूर्ण असतो आणि कारागिराचे लक्ष नसते. कोरडे हातमोजे, रबरी तळाचे बूट आणि पायाखाली कोरडी फळी यांवर खर्च फारसा होत नाही.

प्रज्योतीतून जंबुपार, म्हणजेच अतिनील किरण निघतात. ते डोळ्याच्या बाहुलीवरचा पारदर्शक पडदा भाजतात, पण ते लगेच कळत नाही. दुपारी गंमत म्हणून पाहिलेल्या मुलाच्या डोळ्यांत रात्री वाळू गेल्यासारखे खुपू लागते. साधा गॉगल येथे उपयोगाचा नाही. शंभर अँपिअरला १० क्रमांकाची काच लागते. त्रास झाल्यास डोळ्यांत दूध किंवा बटाट्याचा रस घालण्याची पद्धत काही ठिकाणी आहे, ती जंतुसंसर्गाला आमंत्रण देते. डॉक्टरांकडेच जावे.

जस्ताचा मुलामा दिलेल्या खांबाची तर गोष्टच वेगळी. जस्त ९०७ अंशांना उकळते. पोलाद वितळण्याच्या कितीतरी आधी त्याची वाफ होऊन पांढरा धूर निघतो. तो धूर छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो. जोडायच्या जागेवरचा मुलामा आधी घासून काढावा आणि वाऱ्याकडे पाठ न करता, वारा बाजूने येईल असे बसावे. इंजिनाचा धूरही विसरू नये. कांदाचाळ हवेशीर असते, पण पावसासाठी तिला चहूबाजूंनी ताडपत्री लावली आणि आत इंजिन चालवले तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो.

एप्रिलच्या आणि ऑक्टोबरच्या छाटणीनंतर वाळक्या काड्यांचा थर बागेत पडलेला असतो. ठिणगी पडण्याच्या जागेभोवती तो झाडून, पाण्याची बादली भरून ठेवल्याशिवाय काम सुरू करू नये. डीझेल भरायचे ते इंजिन बंद करून, थंड झाल्यावर. आणि डीझेलचे रिकामे पिंप कोणी वेल्डिंगला आणलेच, तर सरळ नाही म्हणावे. आतल्या वाफेचा स्फोट होतो.

आता तुमच्यासाठी एक गणित. वरच्या उदाहरणात तार ३ मि.मी.ऐवजी ४ मि.मी. जाडीची असती, तर १० मीटरमध्ये किती व्होल्ट खर्च झाले असते आणि किती वॉट उष्णता निर्माण झाली असती? उत्तर १२ व्होल्ट आणि १,२०० वॉटच्या आसपास आले, तर तुमची रीत बरोबर आहे.